शर्यत एकाची, घाम साऱ्यांचा

घरात एक जण खेळाडू निघाला की बाकीचे सारे प्रेक्षक होतात. मुलगी कबड्डी खेळते, आई डबा घेऊन मैदानाच्या कडेला बसते. मुलगा पोहायला जातो, वडील तलावाच्या कठड्यावर बसून वर्तमानपत्र वाचतात. खेळणाऱ्याचे कौतुक व्हायलाच हवे. पण त्याच्या घामाने आपली प्रकृती सुधारत नाही, ही साधी गोष्ट आपण विसरतो. मीही विसरलो होतो. गेल्या हिवाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर ती मला चांगलीच आठवली.

माझ्या थोरल्या मेहुण्यांचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. दोन वर्षांपासून त्याला माउंटन बाइकचे वेड लागले आहे. जाड खाचदार टायर, पुढच्या चाकाला धक्के झेलणारी स्प्रिंग, चढणीसाठी हलके गिअर अशी ही डोंगरवाटांची सायकल. या सायकलचा जन्म किनाऱ्यालगतच्या डोंगरातलाच. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन परगणा आहे. तिथल्या समुद्राजवळच्या डोंगरावर १९७० च्या दशकात काही तरुणांनी जुन्या जाड टायरच्या सायकली उतारावरून पिटाळायला सुरुवात केली. त्या पोरखेळाचा पुढे खेळ झाला आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्याला स्थान मिळाले.

आपल्याकडे दापोलीकडच्या किनाऱ्यावर हौशी मंडळींनी अशीच एक छोटी शर्यत ठेवली होती. भाच्याने नाव दिले आणि साऱ्या घराची सहल ठरली. मुलुंडहून मी, पत्नी आणि कन्या. घाटकोपरहून मेहुणे, वहिनी, सासूबाई आणि भाचा. सात माणसे, टपावर एक सायकल. शनिवारी पहाटे निघालो. वाटेत तीन ठिकाणी थांबलो, तिन्ही ठिकाणी खाण्यासाठीच. शिवाय घाटकोपरचे खाकरे, वहिनींच्या चकल्या आणि सासूबाईंचे मेथीचे लाडू गाडीत होतेच. कन्येच्या मोबाइलमध्ये पावले मोजण्याची सोय आहे. शनिवारी रात्री तिने आकडा वाचून दाखवला : नऊशे चाळीस. सारे हसले. मीही हसलो. डॉक्टर म्हणून तेव्हाच कान टवकारायला हवे होते.

रविवारी सकाळी सात वाजता शर्यत सुटली. पुळणीजवळून निघून काजूच्या बागांमधून चढण, वर जांभ्या दगडाचा उघडा सडा, त्यावरून दीड-दोन किलोमीटर खडखडाट आणि मग मातीच्या घसरड्या वाटेने पुन्हा खाली. आठ किलोमीटरच्या अशा तीन फेऱ्या. भाचा दुसऱ्या फेरीत उतारावर पडला, कोपर सोलवटले, उठून पुन्हा बसला आणि अकरावा आला. खाली आल्यावर धापा टाकत होता, पण पाच मिनिटांत श्वास जागेवर आला आणि त्याने दोन वडापाव मागितले. एकोणीस वर्षांचे, रोज सराव केलेले हृदय असे असते.

शर्यतीनंतर संयोजकांनी घरच्या मंडळींसाठी वाट मोकळी ठेवली होती. ‘ज्यांना हौस आहे त्यांनी एक चक्कर मारावी.’ मेहुण्यांना हौस आली. वय चोपन्न, बँकेत अधिकारी, आठ वर्षांचा मधुमेह, पोट पुढे. गोळ्या नियमित, रविवार सोडून. सकाळी मिसळीच्या दोन प्लेट झालेल्या. “अहो डॉक्टर, कॉलेजला असताना मी घाटकोपर ते व्हीटी सायकलने जायचो,” असे म्हणत ते भाच्याच्या सायकलवर बसले. कॉलेज सुटून तेहतीस वर्षे झाली होती, हे त्यांना कुणी सांगितले नाही. मीही नाही.

सव्वादहाच्या उन्हात ते निम्मी चढण चढले आणि सायकल हाताने ढकलत परत आले. जांभ्याच्या गडग्यावर टेकले. “काही नाही, पित्त झालंय. मिसळ बाधली.” हात पोटाच्या वरच्या भागावर होता. वहिनींनी पर्समधून पित्ताची गोळी काढली. मी मान डोलावली. तीस वर्षांच्या आसपास दवाखाना चालवणाऱ्या माणसाने, घरचाच माणूस समोर असल्यामुळे, पित्तावर विश्वास ठेवला. माझ्या रुग्णाने हेच सांगितले असते तर मी आधी ईसीजी काढायला लावला असता.

पंधरा मिनिटे अशीच गेली. सासूबाई लेकाशेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “डॉक्टर, याचा हात बघा हो. गार पडलाय.” मी हात घेतला. सावलीत, समुद्राच्या वाऱ्यात माणूस बसलेला, आणि तळवा थंड, कपाळ घामाने चिंब. चेहरा राखेसारखा. जबडा दुखतोय का, विचारले. “हो, दाढ ठणकल्यासारखी वाटतेय,” म्हणाले. मग मात्र मी डॉक्टर झालो.

माझ्या पिशवीत उन्हाचे मलम दोन प्रकारचे होते, ॲस्पिरिन नव्हते. एका वयस्क प्रेक्षकाच्या खिशात ते निघाले. ते चावून खायला दिले, मेहुण्यांना एक पाऊलही चालू दिले नाही, खुर्चीसकट उचलून संयोजकांच्या रुग्णवाहिकेत ठेवले. तालुक्याच्या ठिकाणी पोहोचताच ईसीजी निघाला. हृदयाच्या खालच्या भागाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबली होती. या भागाचा झटका बहुधा पित्तासारखाच भासतो : पोटाच्या वरच्या बाजूला जळजळ, मळमळ, ढेकर. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दुखणे सुरू झाल्यापासून दीड तासाच्या आत गेले. दुसऱ्या दिवशी मोठ्या रुग्णालयात अँजिओप्लास्टी झाली. मेहुणे वाचले. पंधरा मिनिटांच्या जागी मी आणखी दोन तास घालवले असते तर हा लेख लिहिण्याचे धैर्य मला झाले नसते.

आता या प्रसंगाचा बोध काय? आमच्या घरात तो ताबडतोब निघाला. वहिनी म्हणाल्या, “ती सायकल आधी विकून टाका.” दोन्हीकडच्या नातेवाइकांनी माना डोलावल्या. सायकलमुळे झटका आला, असा निकाल लागला. वाचकहो, या निकालाविरुद्ध माझे अपील आहे.

१९९३ साली अमेरिकेतील एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयविकाराचा झटका आलेल्या बाराशेहून अधिक रुग्णांना, झटक्यापूर्वीच्या तासाभरात तुम्ही काय करत होता, असे विचारले होते. दमछाक करणाऱ्या श्रमानंतरच्या तासात झटक्याचा धोका एरवीपेक्षा सरासरी सहापट आढळला. पण खरी गोष्ट पुढेच आहे. जे आठवड्यातून एकदाही व्यायाम करत नव्हते, त्यांच्यात हा धोका १०७ पट निघाला. जे आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा करत होते, त्यांच्यात तो सव्वादोन ते अडीच पटींच्या दरम्यान होता. चढण तीच, सायकल तीच. धोका ठरवते ती आधीची सवय. मेहुण्यांना आजारी पाडले ते तेहतीस वर्षांच्या खुर्चीने. सायकलने फक्त बिल सादर केले.

बैठ्या कामाचा हा हिशेब जुना आहे. १९५३ साली लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी दुमजली बसचे चालक आणि वाहक यांची तुलना केली. दोघे एकाच बसवर, एकाच वेळापत्रकावर. चालक दिवसभर बसलेला, वाहक दिवसभर जिना चढणारा-उतरणारा. हृदयविकार वाहकांमध्ये कमी आढळला. आमच्या उपनगरात आता बहुतेक सारेच चालकाच्या जागी बसले आहेत. लिफ्टने खाली, रिक्षाने स्टेशन, लोकलमध्ये जागा मिळाली तर नवस फेडल्याचा आनंद, कार्यालयात खुर्ची, घरी सोफा. आणि आपली भारतीय प्रकृती या बाबतीत उणीच आहे. २००४ साली ५२ देशांत झालेल्या मोठ्या अभ्यासात, दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे पाच-सहा वर्षे आधी येतो असे दिसले. चोपन्न हे वय आपल्याकडे लवकरचे नव्हे, नेमके त्याच घरातले.

माझ्या पिढीला मुंबई-पुणे सायकल शर्यत आठवत असेल. बोरघाटाची चढण सर्वांच्या आधी पार करणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणत. त्या घाटाकडे पाहून छाती दडपते, पण राजा होणारा पोरगा वर्षभर रोज पहाटे उठत असे, हे आपण पाहिलेले नसते. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ दोघांच्या गटात पूर्ण केली. असे करणारे ते पहिले भारतीय. २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्याने पुरी केली. यांतले कुणी विशीतले नव्हते आणि सारे आपापला व्यवसाय सांभाळणारे. चाळिशीत शरीर थकत नाही. सराव नसलेले शरीर थकते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. मुलाची शर्यत पाहायला जरूर जा, सारे घर मिळून जा. पण त्याच्या सरावाचे जे महिने आहेत, तेच आपल्या चालण्याचे आणि सायकलचे महिने समजा. शर्यतीच्या दिवशी एकदम घाम गाळण्यापेक्षा आदल्या तीन महिन्यांत रोज थोडा गाळावा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे, आणि ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी तासभर. १५० मिनिटे म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. एका मालिकेचा एक भाग.

चाळिशी ओलांडलेल्यांनी सुरुवात कशी करावी, ते थोडक्यात सांगतो.

प्रथम, ज्यांना मधुमेह, रक्तदाब, तंबाखू-सिगारेटचे व्यसन किंवा घरात कमी वयात हृदयविकाराचा इतिहास आहे, त्यांनी चढणीचा नाद करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना दाखवावे. जिना चढताना छाती आवळते, पूर्वीपेक्षा लवकर धाप लागते, श्रमात भोवळ येते, त्यांनी तर सायकलला हात लावण्याआधी. सरसकट प्रत्येकाला ‘स्ट्रेस टेस्ट’ लागते असे नाही. कुणाला लागते हे डॉक्टर ठरवतील. तरुण मुलेही याला अपवाद नाहीत. खेळताना एखादा बेशुद्ध पडला असेल, किंवा घरात तरुणपणी कुणी अचानक दगावले असेल, तर शर्यतीपूर्वी त्याचे हृदय तपासून घ्यावे.

पहिले दोन आठवडे सपाट रस्त्यावर पंधरा मिनिटे, आठवड्यातून चार दिवस. त्यानंतर दर आठवड्याला थोडे थोडे वाढवत तीन महिन्यांनी पाऊण तासापर्यंत. चढण सर्वांत शेवटी. वेग किती असावा याचे माप सोपे आहे : सायकल चालवताना शेजारच्याशी बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. बोलताही येईना तर वेग जास्त झाला. पहिली आणि शेवटची दहा मिनिटे सावकाश. भरपेट खाण्यानंतर निदान दोन तास नाही. ताप असताना अजिबात नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांची, तसेच मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर श्रमाने एकदम उतरू शकते. त्यांनी खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे आणि गोळी ‘रविवार सोडून’ घेऊ नये.

सीट योग्य उंचीवर ठेवा. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. आपल्याकडे बहुतेक लोक सीट फार खाली ठेवतात आणि महिन्याने ‘सायकलने गुडघे गेले’ म्हणून दवाखान्यात येतात. एरवी सायकल गुडघ्यांना धावण्यापेक्षा कमी त्रास देते, कारण शरीराचा बराच भार सीटवर असतो. वाढत्या वयात अंगाला येईल म्हणून मुलाला मोठी सायकल घेऊ नका. पाय जमिनीला टेकत नसतील तर तो पडणारच.

आता किनाऱ्याविषयी. कोकणच्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंग थंडही होत नाही. हिवाळ्यातसुद्धा दहानंतर सड्यावर उष्मा चढतो. तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी प्यावे. मात्र नुसते पाणी लिटरच्या लिटर ढोसणेही वाईट. रक्तातले मीठ पातळ होते. लांबच्या पल्ल्याला जलसंजीवनीचे पाकीट उत्तम. ते नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ घातलेले कोकम सरबतही चालेल. उन्हात कुणी बरळू लागला, अडखळू लागला, अंग भाजू लागले तर त्याला सावलीत नेऊन अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला आणि रुग्णालयात न्या.

पडणे हा माउंटन बाइकचा भागच आहे. हेल्मेटशिवाय या सायकलवर बसणे म्हणजे वाटाघाटीला जागा नाही अशा दगडाशी गाठ. डोक्याला मार लागून मूल क्षणभर जरी गोंधळले, तरी त्या दिवशी पुन्हा सायकल नाही, मग पदक हाताशी आलेले असो. उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, दोन बाहुल्या लहान-मोठ्या दिसणे यांपैकी काहीही दिसले तर ताबडतोब रुग्णालय. खांद्यावर पडून गळ्याजवळचे हाड मोडणे सायकलवाल्यांत नेहमीचे. ओढणीची झोळी करून हात गळ्यात बांधावा. सोलवटलेली जागा वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुऊन माती काढावी. हळद, कॉफी, टूथपेस्ट यांचे लेप नकोत. धनुर्वाताच्या लसीचे पाहावे. भाच्याच्या कोपराला सासूबाई हळद लावायला निघाल्या होत्या. तेवढे मात्र मी वेळीच थांबवले.

छातीविषयी मात्र घरातल्या प्रत्येकाने पाठ करून ठेवावे. छातीवर दाब, आवळल्यासारखे वाटणे, दुखणे जबड्याकडे, खांद्याकडे, हाताकडे किंवा पाठीकडे जाणे, थंड घाम, कारण नसताना धाप. मधुमेहींना आणि स्त्रियांना पुष्कळदा छातीत कळ येतच नाही; नुसती मळमळ, थकवा, घाम. चाळिशीनंतर श्रमात किंवा श्रमानंतर उठलेले ‘पित्त’ हृदयाचे नाही हे ईसीजीने सिद्ध होईपर्यंत ते हृदयाचेच समजावे. रुग्णाला बसवा, चालू देऊ नका, त्याला गाडी चालवू देऊ नका. १०८ क्रमांकाला फोन करा. आपल्या राज्यात ही सेवा २०१४ पासून आहे. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा आजार नसेल तर सुमारे ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला द्या. जिभेखालची सॉर्बिट्रेटची गोळी मात्र शेजाऱ्याच्या सांगण्यावरून देऊ नका. रक्तदाब आधीच उतरलेला असेल तर ती घात करते. माणूस शुद्ध हरपून श्वास घेईनासा झाला तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहा, मदत येईपर्यंत. हे तासाभरात शिकता येते. शाळेच्या पालक सभेत, गणेशोत्सवाच्या मंडपात, कुठेही शिकवता येते. शर्यत भरवणाऱ्यांनी तर प्रेक्षक कुटुंबांनाही ते शिकवावे. आणि हौशी चक्कर ठेवताना खेळाडूंना जसे प्रकृतीविषयी विचारतात, तसे दोन प्रश्न वडील मंडळींनाही विचारावेत.

शेवटचा मुद्दा रस्त्याचा. लोक सायकल चालवत नाहीत म्हणून नुसती दूषणे देणे मला पटत नाही. आमच्या उपनगरात डबेवाले आजही सायकलला डबे लटकवून गर्दीतून वाट काढतात, ते पोटासाठी. हौसेने कुणी लेकराला घेऊन त्या रस्त्यावर उतरेल का? वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ साली सायकलींसाठी खास पट्टा आखला होता. त्यावर मोटारी उभ्या राहू लागल्या आणि तो निकालात निघाला. तानसा जलवाहिनीच्या कडेने मुलुंडहून सायनकडे जाणारा ३९ किलोमीटरचा सायकल मार्ग महापालिकेने योजला, ती कल्पना चांगली आहे. असा मार्ग सलग आणि मोकळा असेल तरच आईबाप मुलांना घेऊन त्यावर जातील. तोवर आम्हाला रविवारी सकाळी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचा आधार. मुख्य दारापासून कान्हेरी लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटर, दोन्ही बाजूंना झाडी. सुरुवातीला निम्म्यातून परत फिरलात तरी हरकत नाही.

तालुक्याच्या गावात राहणाऱ्या वाचकांचा मात्र मला हेवा वाटतो. तुमचा बाजार, शाळा, बँक, देऊळ सारे दोन-तीन किलोमीटरच्या आत. मानव विकास कार्यक्रमातून ग्रामीण भागातल्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळतात. मुलगी बारावी झाली की ती सायकल पडवीत गंजत पडते आणि वडील चार घरे पलीकडच्या टपरीवर मोटारसायकलने जातात. ती सायकल पुसा, चेनला तेल द्या, हवा भरा. नव्या महागड्या सायकलीची गरज नाही. औषधाच्या चिठ्ठीवर मी ती लिहू शकत नाही, एवढीच माझी अडचण.

मेहुण्यांचे पुढे काय झाले, ते सांगायला हवे. सहा आठवडे ते फक्त चालले, आधी घरात, मग गच्चीवर, मग रस्त्यावर. त्यानंतर हृदयरोगतज्ज्ञांनी तपासणी करून सपाट रस्त्यावर सायकलला परवानगी दिली. आता पहाटे साडेपाचला, रस्ता रिकामा असताना, ते अर्धा तास सायकल चालवतात. त्यांच्या सोबतीला भाचा नसतो, त्याचा वेग यांना झेपत नाही. सोबतीला असतात वहिनी, ज्या सायकल विकायला निघाल्या होत्या. त्यांनी त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकून घेतली. दोनदा पडल्या, दोन्ही वेळा हेल्मेट होते.

या हिवाळ्यात भाचा पुन्हा शर्यतीत उतरणार आहे. आम्ही सातही जण जाणार आहोत. सासूबाईंनी आपले काम ठरवून घेतले आहे : पुळणीवर सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटे चालायचे आणि बाकीचा वेळ सगळ्यांच्या हाताला हात लावून पाहायचे. माझ्या पिशवीत या वेळी ॲस्पिरिन आहे.